बिनफोडणीचं घर

दहिफळ्यांनी मला नाव विचारायच्या आधी दंड मागितला.

"मास्तर, हात दावा. डावा."

राजूरच्या चावडीत चारचौघांसमोर मी सदऱ्याची बाही वर सारली. त्यांनी माझ्या दंडावरचे देवीचे वण अंगठ्याने एकेक दाबून पाहिले, जरा मागे सरून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "नगरात काढल्यात ह्या. तितला जुना डाक्तर जरा तिरपं टोचायचा. पन फुलल्यात चांगल्या." मी नगरचाच होतो. मग त्यांनी नाव विचारलं आणि सांगितल्याबरोबर विसरूनही गेले. पुढची दोन वर्षं मी त्यांच्या लेखी नुसता 'मास्तर'च राहिलो.

देवीचा रोग आता राहिला नाही, म्हणून हे सांगावं लागतं. रोगाचं नाव देवी, आणि तो होऊ नये म्हणून दंडावर टोचून घेण्यालाही 'देवी काढणं'च म्हणत. टोचणारा तो देवीडॉक्टर. दहिफळे असे देवीडॉक्टर होते. डॉक्टरकी काही शिकलेले नव्हते. मराठी सातवी आणि वर सहा महिन्यांचं शिक्षण, एवढ्यावर त्यांनी निम्म्या अकोले तालुक्याचे दंड टोचले होते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षीचा चैत्र. कोकणातून घाट चढून देवीची साथ आमच्या डोंगरात आली होती. रतनगडाच्या पोटातल्या, कड्याच्या काठावरच्या वाड्यांमधून एकेक बातमी खाली येत होती. देवीडॉक्टरबरोबर रजिस्टर लिहायला एक लिहिता माणूस द्यावा, असा तालुक्याचा हुकूम आला. राजूरच्या आमच्या शाळेला सुट्टी लागली होती आणि शाळेत मी एकटाच सडाफटिंग. हेडमास्तरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी काय ते समजलो.

दहिफळे पाथर्डीकडचे. तिकडे जमीन सपाट, पाऊस बेताचा आणि माणूस नजर जाईल तिथपर्यंत दिसतो. आमचे डोंगर त्यांना मनापासून आवडत नसत. "आमच्याकडं जमीन निजलेली असती मास्तर, हितं ती उटून उभी ऱ्हायलीय," असं म्हणत. चढ आला की वहाणा काढून दोरीने गळ्यात अडकवायचे आणि अनवाणी चढायचे. उतार आला की बसून उतरायचे. धोतराची मागची बाजू त्यामुळे नेहमी फाटलेली असे. कड्याच्या कडेने वाट असली तर एक हात कातळाला लावून, मान कातळाकडे करून चालत. दरी कधी पाहत नसत. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "दहिफळे, खाली बघा, सगळं कोकण दिसतंय." ते म्हणाले, "असू द्या. त्येला मी दिसलो म्हंजी झालं."

ह्या माणसाला डोंगरातली बदली कुणी दिली, आणि अकरा वर्षं ती त्यांनी का ठेवून घेतली, हे मला कधी कळलं नाही.

त्यांची एक बोलायची खोड होती. टोचल्यावर आठव्या दिवशी जाऊन फोड धरलाय का ते पाहायचं, हा त्यांच्या कामाचा नियम. तो त्यांनी सगळ्या दुनियेला लावला होता. कुणी म्हणालं, पोरीचं लग्न ठरलं, स्थळ चांगलं आहे, की हे म्हणणार, "आठव्या दिवशी बगू." पुढे पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लागला, पेढे वाटले. मी आनंदाने त्यांच्या हातावर पेढा ठेवला, तर तो खाऊन म्हणाले, "टोचनं तर झालं. फोड धरला म्हंजी खरं." हेडमास्तर चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

पण लसीच्या बाबतीत ते अजिबात थट्टा करत नसत. लस काचेच्या बारीक नळ्यांत टपालाने यायची आणि उन्हाने मरायची. मेलेली लस टोचली तर पोराला दुखतं तेवढंच, फोड धरत नाही. म्हणून दहिफळे नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून बांबूच्या पेरात घालत, आणि ते पेर पाण्याने भरलेल्या वाळक्या भोपळ्यात सोडत. भोपळा काखेत. आम्ही चालायचो ते उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, आणि पुन्हा ऊन कलल्यावर. मधल्या वेळी एखाद्या जांभळीखाली ते भोपळ्याला पोटाशी घेऊन निजत. माझ्या डोक्याला ऊन लागलं तरी त्यांना त्याचं काही नसे. सावली सरकली की आधी भोपळा सरके.

त्या खेपेला त्यांच्याकडे एकूण दहा नळ्या होत्या. एका नळीत पंधरा दंड होतात. डोंगरात पोरं चारशेच्या वर. म्हणजे कुणाला टोचायचं आणि कुणाला सोडायचं हे त्यांना दर वाडीत ठरवावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हिशेब समजावून दिला. "ज्या घरात देवी हायत, त्या घरातली बाकीची पोरं आदी. मग शेजार. ज्येला उटल्या त्येला आपन काई करू शकत न्हाई. पन त्येच्या धाकट्याला तीन दिसांच्या आत टोचलं तर त्यो वाचतो. मागनं टोचून काई उपेग न्हाई." हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, आणि मग म्हणालेही, "तीनदा सांगितलं म्हंजी ध्यानात ऱ्हाईल."

अडचण अशी की देवी असलेलं घर कुणी दाखवत नसे. एक तर आजारी माणसाला गावाबाहेर खोपीत ठेवायचा सरकारी हुकूम होता. पोरगं डॉक्टर घेऊन जाईल म्हणून आया घाबरत. दुसरं, देवी घरात आली म्हणजे ती पाहुणी. तिच्यासमोर परक्या माणसाने यायचं नाही, तिचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, ती जाईपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही. तेल तडतडलं की देवीला चटका बसतो आणि ती कोपते, अशी समजूत. त्यामुळे देवीच्या घरात सगळं नुसतं उकडलेलं.

दहिफळ्यांनी हीच गोष्ट हेरली होती. शेंडी गावाच्या अलीकडच्या एका गावात मी ते पहिल्यांदा पाहिलं. पाटील शपथेवर सांगत होते, गावात देवी नाही. दहिफळे "बरं बरं" म्हणाले आणि जेवणवेळेपर्यंत पारावर बसून राहिले. घरोघरी चुली पेटल्या तसे उठले, हात मागे बांधले आणि नाक जरासं वर करून गल्लीतून चालू लागले. घराघरातून खुरासणीच्या तेलाचा, लसणाचा, मिरचीचा ठसका येत होता. खुद्द पाटलांच्या दारात ते थांबले.

"पाटील, तुमच्याकडं आज फोडनी न्हाई."

"उपास हाय आमचा."

"आज वार कोनता?"

"मंगळवार."

"बायका, गडी, गडनी, समद्यांनाच मंगळवार?"

पाटील दारातून बाजूला सरले. नातू धान्याच्या कणगीमागे गोधडीत निजवलेला होता. त्याला देवी उठून दुसरा दिवस होता. दहिफळ्यांनी त्या घरातली चारी पोरं तिथल्या तिथे टोचली. नातवाला खोपीत मात्र नेलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "खोपीचं तुमी लिवू नका. मी बगतो." ती चारी पोरं वाचली. आठव्या दिवशी त्यांचे फोड मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि रजिस्टरात लिहिले.

त्या संध्याकाळी वाटेत दहिफळे खुशीत होते. नाक चिमटीत धरून म्हणाले, "मास्तर, तुमी वाचून वळखता, आमी हुंगून. सरकारनं पगार नाकाला द्यावा." आम्ही दोघंही हसलो. अकरा वर्षं ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मला सांगितली, कारण मी ती पाहिली होती.

आणि मी ती सांगत सुटलो. दोन दिवसांनी आम्ही उंबरवाडीला मुक्कामाला होतो. तिथे एकशिक्षकी शाळा होती. तो मास्तर वर्षभर बोलायला माणूस मिळत नाही म्हणून वैतागलेला. दुपारी दहिफळे भोपळा पोटाशी घेऊन निजले होते. शाळेच्या ओसरीवर दहापंधरा माणसं जमली, आणि मी रंगात आलो. पाटलाचा आवाज काढला, दहिफळ्यांची चाल काढली, नाक वर करून ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या. लोक पोट धरून हसले. 'लई बेरकी हाय डाक्तर,' असं कुणीतरी म्हणालं. आपण फार चांगलं सांगतो असं मला त्या दिवशी वाटलं, आणि ते मी आज कबूल करतो.

उंबरवाडीहून कारवाडी सरळ गेलं तर तीन तासांची. आम्ही मधल्या चार वाड्या घेत फिरून गेलो, त्यात दोन दिवस मोडले. माझी गोष्ट सरळ वाटेने गेली.

कारवाडीची वाट शेवटी एका कातळातून चढते. पावठ्या खोदलेल्या, धरायला एका वेलाचं मूळ. कळसूबाईचा माथा तिथून जवळजवळ आपल्या बरोबरीला आल्यासारखा वाटतो आणि चैत्रातसुद्धा वारा गार असतो. दहिफळे वहाणा गळ्यात घालून, डोळे निम्मे मिटून चढत होते. वरून चौथ्या पावठीला त्यांचा पाय सुटला. ते फार पडले नाहीत, माझ्या अंगावरच आले, पण भोपळा कातळावर आपटला. गुडघ्याचं कातडं सोलून निघालं होतं. त्यांनी आधी पेर उघडलं. उरलेल्या पाच नळ्यांपैकी तीन फुटल्या होत्या. त्यांनी काचा एकेक वेचून बाजूला ठेवल्या. मग फडकं नीट झटकून, दोन नळ्या पुन्हा गुंडाळून म्हणाले, "तीस पोरं. कारवाडीत तीसच टोचायची."

कारवाडीत साठ पोरं होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा चुली पेटलेल्या होत्या. दहिफळे लंगडत, हात मागे बांधून, घरांमधून चालले. तीन घरांतून वास येत नव्हता. पहिल्या घरात एका म्हाताऱ्याला खरंच देवी होत्या. उरलेल्या दोन घरांत देवी नव्हत्या. तिथे फोडणी द्यायला त्या दिवशी तेलच नव्हतं, हे आम्हाला मागाहून कळलं. पण देवी लपवल्या असतील, ह्या भरवशावर दहिफळ्यांनी त्या तिन्ही घरांतली आणि शेजारची पोरं टोचायला घेतली. मी नावं लिहीत गेलो.

वाडीच्या टोकाला, कड्याच्या अंगाला ठकूबाईचं घर होतं. नवरा लाकूडतोडीला खाली गेलेला. तिच्या दारात तर वीस पावलांवरूनच ठसका लागला. लसूण, मिरची, तेल, अगदी सणासुदीसारखं. कडेवर पाचसहा महिन्यांचं पोर घेऊन ती दारात उभी होती.

"बाई, एवडी फोडनी? पाव्हनं आलं का काय?" दहिफळे म्हणाले.

"तुमीच की पाव्हनं," ती म्हणाली. "आलासा तर घासभर खाऊन जा. हुलग्याचं कढान हाय."

आम्ही सकाळपासून उपाशी होतो. ओसरीवर बसलो. तिने नाचणीची भाकरी आणि कढण वाढलं. दहिफळे पाथर्डीचे, तिखटाला भुकेलेले. त्यांनी दोनदा मागून घेतलं. वर माळ्यावर काहीतरी हललं. दहिफळ्यांनी मान वर केली.

"मांजार हाय," ठकूबाई म्हणाली.

मांजर मीही ऐकलं. काही वेगळं वाटलं नाही.

"पोरं किती?"

"थोरली सोनी मामाकडं गेलीय. आन् ह्यो बाळ्या."

बाळ्या तिच्या मांडीवर पडून दहिफळ्यांच्या गळ्यातल्या वहाणा ओढत होता. त्यांनी त्याचा दंड दोन बोटांत धरला, जरा चोळला. नळीत तेव्हा सहा-सात दंडांची लस शिल्लक होती. त्यांनी नाक वर करून एकदा त्या घराचा वास घेतला आणि दंड सोडला. "ह्येला फुडल्या खेपेला. तुमच्या घरात काई भ्या न्हाई," असं म्हणाले. त्या सहा-सात दंडांसाठी पोरं त्यांनी मग तेल नसलेल्या घरांच्या शेजारची घेतली.

रजिस्टरात बाळ्याचं नाव लिहून 'कारण'च्या रकान्यात मी 'लस अपुरी' असं लिहिलं.

राजूरला नव्या नळ्या आल्या होत्या. त्या घेऊन आठव्या दिवशी आम्ही पुन्हा कारवाडीत. टोचलेल्या पोरांचे फोड छान धरले होते. ठकूबाईच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लावलेले दिसले. अंगणात सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती, तोंडावर सगळ्या खपल्या. सोनी. मामाकडे ती गेलीच नव्हती. आम्ही जेवत होतो तेव्हा ती आमच्या डोक्यावर माळ्यात, तोंडात फडक्याचा बोळा धरून पडली होती.

बाळ्याला आदल्या रात्रीपासून ताप होता.

दहिफळे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. ठकूबाई पोर घेऊन बाहेर आली. तिने स्वतःच त्याचा दंड उघडा केला. "टोचा आता. आता न्हाई मी लपवीत," ती म्हणाली.

टोचून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तीनदा सांगितलं होतं त्यांनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसले, नवी नळी फोडली, आणि टोचलं. तीन ठिकाणी, सरळ, जसं निरोगी पोराला टोचतात तसं. पोर रडलं, तेव्हा त्यांनी त्याच्या दंडावर फुंकर घातली.

ते एका वाडीत दोन दिवसांवर कधी राहत नसत. कारवाडीत आम्ही सहा दिवस राहिलो. सकाळी राहिलेली पोरं टोचायची आणि मग ठकूबाईच्या अंगणात बसून राहायचं. देवीच्या घरी वाडीतलं कुणी येईना. तिचं पाणी दहिफळे आणत. झरा कड्याच्या पोटात होता. तिथे जायला दरीच्या काठाने वाट होती. मी म्हणालो, मी आणतो. ते म्हणाले, "तुमी लिवा." ते कसे जात-येत होते मी पाहिलं नाही. पाणी मात्र येत होतं.

बाळ्या सहाव्या दिवशी सकाळी गेला. खड्डा आम्ही दोघांनी खणला. जमीन मुरमाड होती, वेळ लागला. मला रडू आलं नाही. मला वाटत होतं की येईल, म्हणून मी थोडा वेळ बाजूला जाऊन उभाही राहिलो. काही नाही. समोर गड होता, उन्हात. कारवी वाळून गेली होती. माझं सगळं आतून बधिर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते पुढे पुष्कळ दिवस तसंच राहिलं.

परत आलो तेव्हा ठकूबाई चुलीसमोर बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"मी फोडनी दिली," ती म्हणाली. "देवी घरात असताना दिली. उंबरवाडीचा मानूस सांगत आला, डाक्तर वासावर घर वळखतो आन् पोरीला खोपीत नेतो. मास्तरानं सांगितलं म्हनं. मग मी शेजारनं तेल आनलं. देवी वर पडलेली आन् मी खाली तेल तडतडवलं. सोनीला तिनं सोडलं आन् माझा बाळ्या नेला."

मी दारात उभा होतो. 'मास्तरानं' म्हणजे कोणत्या मास्तराने हे तिला ठाऊक नव्हतं.

दहिफळे तिच्यासमोर उकिडवे बसले. फोडणीने कुणी मरत नाही, असं ते तिला सांगतील असं मला वाटलं. पण तसं सांगितलं, तर मग बाळ्या कशाने गेला हेही सांगावं लागलं असतं. लपवलं नसतंस तर वाचला असता, हे सांगावं लागलं असतं.

मग म्हणाले, "बाई, फोडनी तुमी दिली. खाल्ली कुनी?"

तिने मान वर केली.

"मी खाल्ली. दोनदा मागून खाल्ली. देवीचा राग फोडनी देनाऱ्यावर नसतोय, खानाऱ्यावर असतोय. तुमच्याकडं त्यो येनार न्हाई. माझ्याकडं येईल. तुमी आता चूल पेटवा, पोरीला खायाला घाला."

ठकूबाईने मग चूल पेटवली.

कातळ उतरताना दहिफळे नेहमीसारखे बसून उतरत होते. मी वर होतो. मी विचारलं, "राग खाणाऱ्यावर असतो, हे खरं?"

"मला काय ठावं? आत्ताच रचलं मी ते."

खाली पोहोचल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. उंबरवाडीच्या ओसरीवर मी काय सांगितलं, कसं सांगितलं, नाक वर करून कशा फेऱ्या मारल्या, सगळं. मला लाज वाटत होती, आणि त्यांनी मला शिवी द्यावी असं फार वाटत होतं. त्यांनी वहाणा पायात घातल्या.

"मी तुमाला सांगितलं तवा मी हासत हुतो का न्हाई?"

"हो."

"मग तुमी बी हासत सांगितलं. दुसरं काय करनार तुमी?"

एवढंच. ते पुढे चालू लागले. राजूरला आल्यावर रजिस्टर पुरं करायचं होतं. बाळ्याच्या नावापुढे मी आधी लिहिलेलं 'लस अपुरी' त्यांनी बोटाने दाखवलं.

"हे खोडा."

"मग कारण काय लिहू?"

"लिवा. टोचनारा घरात आला हुता. जेवून गेला."

मी तसंच लिहिलं, फक्त शुद्ध भाषेत. वरून ते पान लाल पेन्सिलीने परत आलं, समासात शेरा होता, 'असंबद्ध मजकूर, खुलासा करावा.' दहिफळ्यांनी खुलासा केला नाही. त्यांची त्या वर्षीची बढती राहिली. पुढे ते हुंगत फिरायचे बंद झाले. घर आलं की दारातूनच ओरडायचे, "खोपीत नेनार न्हाई! कुनालाच नेनार न्हाई!" सरकारी माणसाने असं ओरडणं बरं नव्हतं, आणि दारोदार थांबावं लागल्याने कामही निम्म्यावर आलं. पण दारं उघडत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, वैशाखाच्या तोंडाशी. माझी संगमनेरला बदली झाली होती. वळकटी बांधून मी राजूरच्या बाजारात मोटारीची वाट पाहत होतो. बाजारचा दिवस होता. पिंपळाखाली दहिफळे टोचायला बसले होते, समोर बायकापोरांची रांग. डोंगरातून आपणहून पोरं घेऊन आलेल्या बायका मी तिथे पहिल्यांदा पाहिल्या.

रांगेत ठकूबाई होती. कडेवर दोन-तीन महिन्यांची मुलगी. कारवाडीहून पहाटेच निघाली असणार. मी उठून जवळ गेलो, पण तिने मला ओळखलं नाही. तिची पाळी आली तशी ती दहिफळ्यांसमोर बसली आणि मुलीचा दंड उघडा केला. दहिफळ्यांनी तिला ओळखलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. टोचलं, फुंकर घातली, कापूस लावला.

"डाक्तर," ती म्हणाली, "तुमाला बरं हाय ना?"

"हाय की."

"अंगावर काई उटलं न्हाई ना? डोळं बरं हायत?"

"बरं हायत. का?"

तिने मोठा श्वास सोडला. "तुमी म्हनला हुता ना, राग खानाऱ्यावर. जीव थाऱ्यावर न्हवता बगा माझा. माझ्या घरचं खाल्लंत तुमी. म्हनून दोन वर्सं झाली, चैताचा आख्खा महिना मी घरात फोडनी देत न्हाई. तुमच्या नावानं. सोनीबी खात न्हाई. म्हनलं, आपल्यापायी त्या मानसाला काई व्हायला नगं."

दहिफळ्यांच्या हातात सुई होती. त्यांनी ती पुसली. पुन्हा पुसली. मागची बाई म्हणाली, "डाक्तर, आमचं घ्या." त्यांनी सुई खाली ठेवली, उठले आणि पिंपळामागे चावडीची भिंत होती तिकडे चालत गेले. तिथे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ठकूबाई माझ्याकडे वळली. "दादा, बरं न्हाई का त्येंना? मी काई वंगाळ बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. "बरे आहेत ते. येतील आत्ता."

ती पोर खांद्यावर घेऊन तिथेच उभी राहिली. मोटारवाल्याने हाका मारायला सुरुवात केली. मी वळकटी उचलली. मोटार बाजारातून वळली तेव्हा मी मागे पाहिलं. रांग तशीच बसलेली होती, आणि दहिफळे अजून भिंतीकडे तोंड करूनच उभे होते.